मनमाडला उतरायचं

मार्च २०२२. आदिलाबादच्या थिएटरात रात्रीचा शेवटचा खेळ चालू आहे आणि तुम्ही अगदी पुढच्या रांगेत मान वर करून बसला आहात, कारण मागची तिकिटं आधीच संपली होती. पडद्यावर कोमरम भीम वाघासमोर उभा राहतो. मागून कोणीतरी गोंडीत ओरडतं, मग तेलुगूत आरोळ्या, मग शिट्ट्या. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने डोक्याचा दुपट्टा सोडून मांडीवर घेतला आहे आणि तो देवळात बसल्यासारखा बसला आहे. या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भीम आपला आहे, जोडेघाटचा आहे, निजामाशी लढलेला गोंड आहे.

तुम्ही 'आरआरआर' पुन्हा पाहता, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी लक्षात येतं की तुम्ही आता पाहत नाही आहात, तपासता आहात. हा प्रसंग इथे का ठेवला, हा माणूस गप्प का राहिला, पळवून नेलेल्या मल्लीला आईपाशी पोचवल्यावर भीम दुसऱ्या दिवशी काय करत असेल. घरी येऊन दोनशे पानी वही उघडता. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून लिहिताना हात मराठीकडेच वळतो. वर लिहिता: पुढचा भाग.

मध्यरात्र होते. सरकीचा वास खिडकीतून येतो. वहीची बावीस पानं भरतात आणि तेविसाव्या पानावर प्रश्न येतो. हे वाचणार कोण?

गोष्ट व्ही. विजयेंद्र प्रसाद यांची, पडदा त्यांचे चिरंजीव एस. एस. राजामौली यांचा. तुमच्याकडे ना हैदराबादचा फोन नंबर, ना मुंबईचा. मोठ्या निर्मिती संस्था न मागितलेली संहिता सहसा उघडतसुद्धा नाहीत. उद्या त्यांच्या सिनेमात तसाच एखादा प्रसंग आला, तर पाठवणारा कोर्टात जाईल, ही त्यांची धास्ती. ती खोटी नाही. पण तिच्यामुळे दारावरचा माणूस तुम्हाला दुष्ट न होताही परत पाठवू शकतो.

वही मिटा. डोळेही मिटा.

उघडता तेव्हा वीज नाही. १९४० नंतरची काही वर्षं, उटनूरकडच्या डोंगरांतलं एक गोंडांचं गाव. ज्वारी कापून झाली आहे. अंगणात शेकोटी, भोवती घोंगड्या पांघरलेली माणसं, आणि मधे एक परधान, गोंडांचा कथागायक, किंगरी लावतो आहे. तीन तारांचं वाद्य, घोड्याच्या केसांचा गज. तो गाऊ लागतो तेव्हा कळतं की इथल्या प्रत्येकाला गोष्ट पाठ आहे. मुलं पुढचा शब्द ओठांतल्या ओठांत आधीच म्हणतात. एक म्हातारा डोळे मिटून मान हलवतो, आणि परधानाने एक नाव वगळलं तर त्याची मान थांबते.

पण गाणार परधानच. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे, ज्याची जी शाखा, तिचा परधान तिची कथा गातो आणि यजमानांकडून दान घेतो. हक्क बापाकडून मुलाकडे जातो. तुम्हाला सगळी कथा येत असली तरी किंगरी तुमच्या हातात येत नाही. आवडीचा आणि हक्काचा हिशेब हा असा जुना आहे. तो चित्रपट कंपन्यांनी सुरू केला नाही.

जवळच मारलवाईत ऑस्ट्रियाहून आलेला मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ राहतो आहे. जोडेघाटच्या गोळीबारात भीम मारला गेला, तेव्हा निजामाच्या सरकारला हादरा बसला आणि गोंड का पेटले हे शोधायचं काम या माणसाकडे आलं. त्याने गोंड मुलांसाठी शाळा सुरू केल्या. वाचनपुस्तकं गोंडी भाषेत आणि लिपी देवनागरी. याच मुलखात सरकारी नोकरीवर आलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि पुढे त्यांनी त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. पगडींना आपण शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. मला मात्र ते आदिलाबादच्या डोंगरात एका नव्या भाषेचे प्रत्यय वहीत उतरवून घेताना जास्त जवळचे वाटतात.

कोळसा लाल होतो, राखाडी होतो. किंगरी थांबते. तुम्ही स्टेशनकडे निघता.

नंदिग्राम एक्स्प्रेस किनवट ओलांडते. हे गाव १९५६ पर्यंत तुमच्याच जिल्ह्यात होतं. मग रेषा बदलली, बोली तीच राहिली. भोकर, मुदखेड, नांदेड. परभणीनंतर झोप लागते आणि डबा हलका होऊन मागे मागे जातो.

१९७३ ची मुंबई. पहाट व्हायची आहे. भिंतींवर 'जंजीर'ची पोस्टरं आणि एक रंगारी स्टेन्सिल धरून त्यांच्यावर अक्षरं उमटवत पुढे सरकतो आहे. डबा, ब्रश, अक्षरं, पुढची भिंत. कुठे नाव अमिताभच्या अंगावर येतं, कुठे प्राणच्या चेहऱ्यावर. तुम्ही जवळ जाऊन वाचता: लेखक, सलीम-जावेद. रंग ओला आहे, बोटाला लागतो.

निर्मात्याने पोस्टरवर लेखकाचं नाव टाकलं नव्हतं, तशी पद्धतच नव्हती. म्हणून या दोघांनी स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवला. एक इंदूरहून नट व्हायला आलेला. दुसरा १९६४ साली मुंबईत उतरलेला, ज्याने कित्येक रात्री स्टुडिओच्या आवारात काढल्या. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७५ ला, यांचाच 'शोले' येईल. बोटावरचा तो रंग पुसू नका. मालेगावपर्यंत राहू द्या.

पण मालेगावच्या आधी एक दार पाहून घ्या, कारण ते खरोखर उघडं होतं.

१९८९, लॉस एंजेलिस, पॅरामाउंट स्टुडिओ. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चं तिसरं पर्व सुरू होतं आहे आणि मायकल पिलर नावाच्या नव्या मुख्य लेखकाकडे कथा कमी पडताहेत. खोलीत पाकिटांचे ढीग आहेत. प्रत्येकात पितळी खिळ्यांनी बांधलेले साठेक कागद, आणि सोबत सही केलेला एक करारनामा: आमच्याकडे अशीच कल्पना आधीपासून असू शकते, तसं निघालं तर मी दावा करणार नाही. बस. दलालाची ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. मघाशी ज्या धास्तीने तुमची वही दाराबाहेर राहिली, तिच्यावरचा इलाज एवढा एक कागद होता.

एक संहिता हाती घ्या. 'द बाँडिंग', लेखक रोनाल्ड मूर. हा तरुण कॉलेज अर्धवट सोडून आलेला, लहानपणापासून जुन्या 'स्टार ट्रेक'चा भक्त. सेट पाहायला मिळाला तेव्हा तो संहिता बरोबर घेऊन गेला आणि दाखवणाऱ्या माणसाच्या हातात ठेवली. ती कित्येक महिने पडून होती. मग पिलरने ती ढिगातून काढली.

काय लिहिलं होतं त्यात? मोठी लढाई नाही. 'स्टार ट्रेक'मध्ये एखादी तुकडी अनोळखी ग्रहावर उतरायची आणि कधी कधी तिच्यातलं एखादं बिननावाचं माणूस मरायचं. पुढच्या आठवड्यात सगळे विसरायचे. मूरने विचारलं, त्या मेलेल्या बाईचा मुलगा जहाजावर असेल तर? तो आता कोणाजवळ झोपेल? पगारी लेखकांच्या नजरेतून निसटलेली फट त्या भक्ताला दिसली, कारण तो वर्षानुवर्षं तपासत होता. तुम्ही तिसऱ्यांदा 'आरआरआर' पाहताना करत होता तेच.

तो भाग १९८९ च्या ऑक्टोबरात दिसला. मूर पुढे त्याच मालिकेचा पगारी लेखक झाला, तिच्या दोन चित्रपटांचा सहलेखक झाला. कॉर्नेल विद्यापीठातला त्याचा मित्र नरेन शंकर, भारतीय वंशाचा, उपयोजित भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला, हाही तिथेच शिकाऊ म्हणून शिरला, विज्ञान सल्लागार झाला आणि मग लेखक. पाकिटं हजारोंनी आली, विकली गेली मोजकी. तरीही मी त्या खोलीला मान देतो. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांना नकार मिळाला असेल, पण तो त्यांचं पान उघडून कोणीतरी दिलेला नकार होता.

आपल्याकडे अशी खोली कुठे होती? नव्हती. म्हणून मनमाडला उतरायचं.

फलाटावर पाटी तीच, साल २०००. मालेगावची एसटी धरा, चाळीसेक किलोमीटर. मोसम नदीच्या अलीकडेच आवाज येऊ लागतो, खटक-खटक, खटक-खटक. घराघरांतून, बोळाबोळांतून यंत्रमाग चालू आहेत. तुम्ही कापसाच्या गावाहून आलेलं माणूस, बोंडातून निघालेला धागा इथे कापड होताना पाहता आणि जरा वेळ उभे राहता. हवेत तंतू तरंगताहेत, ते मजुरांच्या पापण्यांवर बसतात.

शुक्रवारी आवाज बंद होतो. मागांना सुट्टी, नमाज, आणि मग सगळं गाव सिनेमाला. तुम्ही गर्दीबरोबर नासिर शेखच्या व्हिडिओ पार्लरकडे जाता. या माणसाने इथे चॅप्लिन आणि बस्टर कीटन दाखवले. दोन व्हीसीआर जोडून तो दृश्यं कापायला आणि सांधायला शिकला, आणि कापता-सांधता त्याला कळलं की सिनेमा असा असा बनतो. आता तो 'शोले' बनवतो आहे. मालेगावचा 'शोले'. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा, खर्च पन्नास हजारांच्या आसपास. घोडे परवडत नाहीत, म्हणून डाकू सायकलवर येतात.

घंटी वाजवत आलेले डाकू पाहून थिएटर कोसळतं. हसणारे मागावर बारा-बारा तास उभे राहणारे आहेत, ते त्या सायकली ओळखतात. इथे कोणी 'शोले'ची टर उडवत नाही. ज्याला संवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ आहेत, त्यालाच तो असा आपल्या गल्लीतून फिरवता येतो. आदिलाबादच्या डोंगरात ओठांतल्या ओठांत पुढचा शब्द म्हणणारी ती मुलं आठवा. इथे त्यांच्या हातात किंगरी आली आहे, परधानाला न विचारता.

आणि भिंतीला टेकून उभा असलेला एक माणूस पडदा पाहत नाही, प्रेक्षक पाहतो आहे. हशा कुठे पडतो, कुठे पडत नाही. तो फरोग जाफरी, लेखक.

आता साल पुढे सरकतं. २००६ च्या सप्टेंबरात या गावात बॉम्बस्फोट होतात आणि बाहेरच्या जगासाठी मालेगाव हे केवळ बातमीचं नाव होतं. पण शुक्रवार थांबत नाहीत. आणखी दीड-दोन वर्षांत नासिर 'सुपरमॅन' करायला घेतो आणि फैजा अहमद खान ही दिग्दर्शिका ते होताना टिपते. तिच्या माहितीपटाच्या कॅमेऱ्यामागे उभे राहा. सुपरमॅन झाला आहे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा. त्याला उडवायचं आहे, तर हिरवं कापड ताणलं जातं. उंचावरून दृश्य घ्यायचं आहे, तर बैलगाडीची क्रेन होते. पुढे सरकता कॅमेरा हवा, तर सायकल. एक दिवस कॅमेराच पाण्यात पडतो आणि सगळे असे गप्प होतात जसे घरात कोणी आजारी पडल्यावर होतात.

फरोगने या सुपरमॅनला कोणाशी लढवलं, पाहा. परग्रहावरच्या खलनायकाशी लढवता आलं असतं. त्याने गावात पसरलेल्या तंबाखूच्या व्यसनाशी लढवलं. इथे तुम्हाला मूर आठवला पाहिजे. आवडत्या गोष्टीत जे राहून गेलं ते शोधायचं, आणि ते आपल्या दाराशी सापडतं.

खुद्द सुपरमॅनची जन्मकथाही अशीच आहे. क्लीव्हलँडमधले जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघे विज्ञानकथांचे भक्त. शाळकरी वयात टंकलेखन यंत्रावर स्वतःचं छोटं मासिक काढणारे. त्यांनी हे पात्र घडवलं आणि १९३८ साली त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकले. पुढे जगभर सुपरमॅन उडत राहिला आणि ते दोघे कोर्टकचेऱ्या करत राहिले. निर्माते म्हणून त्यांची नावं पुन्हा छापण्याचं आणि त्यांना वर्षासन देण्याचं कंपनीने मान्य केलं ते १९७५ च्या अखेरीस. म्हणजे 'शोले'च्याच वर्षी. बोटावरचा रंग बघा, अजून आहे.

रात्री शूटिंग संपल्यावर फरोगशेजारी बसा. मुंबई इथून पावणेतीनशे किलोमीटर. एक रात्रीचा प्रवास. मुंबईत लिहायचं हे त्याचं स्वप्न, आणि ते अंतर त्याच्यासाठी किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. गावात त्याचे संवाद लोक पानटपरीवर म्हणतात. मुंबईत त्याची वही उघडून पाहणारं टेबल नाही. मला हे लिहिताना राग येतो. ज्या उद्योगाला दर शुक्रवारी नवी गोष्ट लागते, त्याला वर्षातून एकदा तरी अशी पाकिटं फोडायला दोन माणसं बसवता येऊ नयेत? करारनाम्याचा तो एक कागद इथे कोणाला छापता आला नाही?

शफीक कर्करोगाने गेला. आणि बऱ्याच वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०२५ ला, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' प्रदर्शित झाला. दिग्दर्शन रीमा कागतीचं, लेखन वरुण ग्रोव्हरचं, फरोगच्या भूमिकेत विनीत कुमार सिंह. निर्मात्यांत झोया आणि फरहान अख्तर. 'शोले' लिहिणाऱ्या दोघांपैकी जावेदच्या मुलांनी मालेगावच्या 'शोले'वर चित्रपट काढला. फरोग जाफरी हे नाव मुंबईच्या पडद्यावर पोचलं, पात्र म्हणून. लेखक म्हणून पोचायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मनमाडहून परतीची गाडी. नांदेडला एक शेतकरी समोर येऊन बसतो, किनवटला उतरणार आहे. पायाशी बियाण्याची पिशवी. तुम्ही वही मांडीवर घेतलेली.

"काय लिहून राह्यले?"

"सिनेमा."

"कोनाचा?"

या प्रश्नावर तुम्ही अडता. बावीस पानांत जो आहे तो भीम ज्युनियर एनटीआरच्या खांद्यांचा आहे, राजामौलींच्या वाघासमोर उभा राहिलेला, दिल्लीला गेलेला. त्याच्यावर कंपनीचा हक्क आहे आणि तो रास्त आहे. त्यांनी तो घडवला.

"कोमरम भीमाचा," तुम्ही म्हणता.

"त्याचा त येऊन गेला ना मागं."

"त्यात तो छापखान्यात वाचायला शिकतो ते नव्हतं."

शेतकरी तुमच्याकडे पाहतो. "शिकला होता?"

तुम्ही सांगू लागता. भीमाच्या चरित्रात सांगतात की गाव सोडून तो चांद्याला गेला, तिथे एका छापखान्यात राबला आणि राबता राबता अक्षरं ओळखू लागला. मग आसामच्या चहामळ्यांत गेला. मग परत आला, आणि बारा गावांसाठी उभा राहिला. जोडेघाटचा हा माणूस कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. त्याच्या जगण्यातली ती छापखान्याची वर्षं चांद्याच्या मराठी गल्ल्यांत गेली, आणि त्या गल्ल्यांची बोली तुमच्या तोंडात आहे. हैदराबादच्या कोणत्याही लेखकाला ती शिकून घ्यावी लागली असती.

किनवट येतं. शेतकरी पिशवी उचलतो, दारापर्यंत जातो, वळतो. "छपल्यावर सांगा."

आदिलाबाद. घर. करायची कामं तुम्ही वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवता. जोडेघाटला जाऊन म्हाताऱ्यांना भेटायचं. चांद्यात जुन्या छापखान्यांची माणसं शोधायची. मारलवाईत विचारायचं. संहिता झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवायची, म्हणजे तारखेचा पुरावा राहील. ती नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी म्हणजे वाचणारा नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे.

मग बावीस पानांवर एक तिरकी रेघ मारता. तेवीस. वर 'पुढचा भाग' लिहायचं नाही, जागा रिकामी सोडता.

दृश्य १. छापखाना, चांदा. रात्र.

जुळारी घरी गेले आहेत. कंदील एकच. खिळ्यांच्या खणांसमोर एक तरुण बसला आहे, दिवसभर शाई पुसून हात काळे झालेले. तो एका खणातून शिशाचा एक खिळा उचलतो, उजेडात धरतो. अक्षर उलटं आहे. तो खिळा फिरवतो, तरी उलटंच. मग अंगठ्याची शाई त्यावर चोळतो आणि आपल्या तळहातावर दाबतो.